लिस्टीत नसलेला चिमटा

जून महिन्यातला पहिला सोमवार, सकाळी सात. हजर: परब मामा, मोहिते, स्नेहल, लता मावशी आणि मी. गैरहजर कोणी नाही. विषय: नव्या सुपरवायझरने कामाची नवी पद्धत समजावून सांगणे. वेळ अकरा मिनिटं. शंका कोणीही विचारली नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. नवी सुपरवायझर म्हणजे मी. त्या अकरा मिनिटांत मी जे बिघडवलं ते निस्तरण्यात पुढची दोन वर्षं गेली, आणि सगळं अजूनही निस्तरलेलं नाही.

आधी आमचं काम सांगते, कारण हॉस्पिटलात महिनाभर राहून गेलेल्या माणसालाही ते माहीत नसतं. परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे आमचं खातं आहे. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव, पण सगळे आम्हाला नुसतं ‘स्टेराइल’ म्हणतात. ऑपरेशनला वापरलेली हत्यारं एका खिडकीतून रक्तासकट आत येतात आणि दुसऱ्या खिडकीतून निर्जंतुक होऊन बाहेर जातात. मधल्या वेळात ती धुवायची, सांधे ब्रशने घासायचे, भिंगाखाली बघायची, मोजायची, ट्रेमध्ये लावायची, दुहेरी कापडात बांधायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये घालायची. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा प्रेशर कुकर. बांधलेल्या ट्रेवर एक टेप असते. वाफ नीट लागली की टेपवरचे फिकट पट्टे काळे पडतात. टेपवर तारीख आणि बांधणाऱ्याची आद्याक्षरं. पट्टे काळे हवेत, कापड कोरडं हवं, अक्षर वाचता यायला हवं. ह्यातलं एक जरी चुकलं तरी सगळं पहिल्यापासून.

पेशंट आम्हाला दिसत नाहीत. आमची गिऱ्हाइकं म्हणजे सर्जन, आणि एकेक नमुना. एक डावखुरे आहेत, कात्र्यांची तोंडं उजवीकडे आली तर ट्रे परत पाठवतात. एकांना त्यांच्या जुन्याच नीडल होल्डरशिवाय टाका घालता येत नाही. तो आम्ही दोनदा दुरुस्त करून आणला, तिसऱ्यांदा कारागीर हात जोडून म्हणाला, “ताई, ह्याला आता निरोप द्या.” हाडांचे एक डॉक्टर हातोडी बदललेली आवाजावरून ओळखत. वरून फोन यायचा, “ही माझी हातोडी नाही.” आणि खरंच ती त्यांची नसायची.

ह्या सगळ्या खोडी परब मामांना पाठ होत्या. मामा कणकवलीकडचे. हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून लागले आणि स्टेराइलमध्ये आले ते तिथेच राहिले. शिक्षण नववी. मी लागले तेव्हा मला कात्री कशी पुसायची इथपासून त्यांनी शिकवलं. “काय गो, सांधा बघितलास? घाण सांध्यात बसता, पात्यावर नाय,” हे वाक्य मी पहिल्या वर्षी हजार वेळा ऐकलं असेल. मी त्यांच्यासमोर बसून अठरा वर्षं डबा खाल्ला.

मग जुना सुपरवायझर निवृत्त झाला. सगळ्यांना वाटलं आता परब मामा. मामांनाही वाटलं असणार, आणि त्यात चूक काही नव्हती. पण रविवारी-रविवारी जाऊन सर्टिफिकेटचा कोर्स मी केला होता, कॉम्प्युटर मला येत होता, आणि तपासणीला येणाऱ्या लोकांना कागद लागतात. प्रशासनाच्या देसाई सरांनी मला मंगळवारी बोलावून सांगितलं की पद तुम्हाला दिलंय, ऑर्डर शनिवारी बोर्डावर लागेल, तोवर कुणाजवळ बोलू नका. मी नाही बोलले. नियम पाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

शनिवारी मामांनी ऑर्डर बोर्डावर वाचली, लता मावशींच्या शेजारी उभं राहून. सोमवारी मी ती अकरा मिनिटांची मीटिंग घेतली. दोन गोष्टी सांगितल्या. एक, आजपासून प्रत्येक ट्रे छापील लिस्ट बघूनच भरायचा, मनाने काही घालायचं नाही आणि काढायचं नाही. दोन, ऑपरेशन थिएटरचे सगळे फोन माझ्या टेबलावर येतील. तोवर ते पॅकिंगच्या खोलीत यायचे आणि मामा उचलून “बोला” म्हणायचे.

“लिस्ट,” मामा म्हणाले. “बरं, मॅडम.”

त्या दिवसापासून मी मॅडम. नुसती मॅडम नाही, ‘अहो’सकट मॅडम. सांगितलेलं एकही काम त्यांनी टाळलं नाही, न सांगितलेलं एकही केलं नाही. मी विचारलं, “मामा, स्टोअरची किल्ली कुठेय?” तर उत्तर, “खिळ्यावर, मॅडम.” खिळा कुठेय? “भिंतीवर, मॅडम.” स्नेहल, आमची सगळ्यात तरुण टेक्निशियन, हसू दाबत सिंककडे वळायची. डबा घेऊन मामा जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसू लागले. मला वाटलं, होईल महिन्याभरात सवय. मी लिस्टा प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावल्या आणि स्वतःवरच खूश झाले.

ह्या लिस्टा मी केल्या कशा? हत्यारं पुरवणाऱ्या कंपनीची जुनी यादी काढली, तपासली, नीट टाइप केली. मामांना विचारलं नाही. विचारलं तर ते कमीपणाचं दिसेल असं तेव्हा वाटलं. आज लिहितानाही ते वाक्य लिहावंसं वाटत नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी पोटाचं एक मोठं ऑपरेशन होतं. मी स्टोअरमध्ये टेपच्या रिळांवरून वाद घालायला गेले होते. परत आले तर डिसोझा सिस्टर, म्हणजे थिएटरच्या इन्चार्ज, स्वतः खाली येऊन उभ्या. त्या कधी खाली येत नाहीत.

“शुभांगी, फोन कोण उचलतं तुमच्याकडे? चार वेळा केला मी!”

काय झालं होतं ते असं. त्या ऑपरेशनच्या सर्जनना पोटात खोलवर एक लांब चिमटा लागतो, टोकाला काटकोनात वळलेला. सगळे त्याला राइट अँगल म्हणतात. ट्रेमध्ये आखूड होता, लांब नव्हता. सिस्टरनी फोन लावला, माझ्या रिकाम्या टेबलावर तो वाजत राहिला. शेवटी त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बांधलेला मोठा ट्रे फोडून त्यातला चिमटा घेतला. ऑपरेशन नीट पार पडलं. पण फोडलेला ट्रे आता निर्जंतुक राहिला नव्हता, तसा दुसरा आमच्याकडे नव्हता, त्यामुळे पुढच्या पेशंटचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

मी वर गेले. इतक्या वर्षांत पेशंटला भेटायला मी पहिल्यांदाच जात होते. साठीच्या बाई, डोक्याला कागदी टोपी, रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. मी मनात माफीची दोन वाक्यं जुळवली होती. त्यांनी मला पांढऱ्या कोटात बघितलं आणि विचारलं, “बाई, मग आता चहा घेतला तर चालेल का?”

मी सिस्टरना विचारून त्यांना चहा मागवला आणि खाली आले. चिमटा नसलेल्या पहिल्या ट्रेची टेप वापरलेल्या कापडासकट खाली आली होती, अजून कचऱ्याच्या डब्यात होती. काढून बघितली. अक्षरं मामांचीच.

दुपारी देसाई सरांचा फोन. त्यांचा आवाज समजूतदार होता. “हे बघा, लेखी खुलासा द्या. कोणी बांधला, काय राहिलं. परबांचं मला कळतंय. तुमच्या नेमणुकीमुळे नाराज आहेत ना? एवढा कागद आला की त्यांना लिनेनला हलवू. चादरी मोजतील. तुमचीही डोकेदुखी गेली.”

मोहिते, जो मामांच्या हाताखाली तयार झालेला, तोही मला हळूच म्हणाला, “मॅडम, आयता सापडलाय बघा तुम्हाला.”

तीन वाजता पाळी सुटली. मी मामांना थांबायला सांगितलं आणि दार लावलं.

“मामा, लांब राइट अँगल का नव्हता?”

“लिस्टीत नव्हता, मॅडम.”

“आजवर कोण घालत होतं?”

“मीच. मनाने. मनाने घालायचं नाय, असं तुम्हीच सांगितलंत. भिंतीवर चिकटवलंय.”

“तुम्हाला माहीत होतं तो लागणार.”

“लिस्टीत नव्हता.”

“मामा, टेबलावर माणूस होता!”

त्यांनी ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि एक लांबट पाकीट काढून टेबलावर ठेवलं. एकच हत्यार बांधलेलं, टेपचे पट्टे काळे, तारीख त्याच दिवसाची. आत चिमटा आहे हे कापडावरूनच कळत होतं.

“सकाळी पहिल्या लोडमध्ये घातला,” मामा म्हणाले. “लिफ्टच्या खिडकीशी उभा होतो हातात घेऊन. पाऊण तास. फोन येयत, मी धावतंय, एवढाच होता. फोन इलोच नाय.”

फोन आला होता. तो माझ्या टेबलावर आला होता, कारण तो तिथेच यावा असा नियम मी केला होता.

मी खाली बसले. मामांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

“म्हणजे मला धडा शिकवायचा होता,” मी म्हटलं. “वरून बोंब झाली की परब मामा चिमटा घेऊन हजर. मग सगळ्यांना कळावं की खातं कोण चालवतं.”

“समजा तसाच.”

“माझ्या बढतीचा एवढा राग?”

आता ते पहिल्यांदा ओरडले. “बढती गेली खड्ड्यात! तुला मंगळवारी कळलं होतं. देसाईच्या शिपायाने मला नंतर सांगितलं. मंगळ, बुध, गुरू, शुक्र. चार दिवस समोर बसून माझ्या डब्यातला सुकट खाल्लंस तू. एक शब्द नाय. मी बोर्डावर वाचायचं?”

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, की सरांनी सांगू नका म्हटलं होतं. ते मी दिलं नाही. उत्तर खरं होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “सांगायला हवं होतं. पण तुमचंही चुकलं, आणि तुमची चूक मोठी आहे. माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. त्या बाई वर उपाशी राहिल्या, त्यांनी तुमची कुठली बढती घेतली होती?”

मामांनी पाकीट उचललं, पुन्हा ठेवलं. “काय लिहिणार हायस तू देसाईला?”

“बघा मी काय लिहिते ते.”

मी चार ओळी लिहिल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. लिस्ट अपुरी होती. ती मी केली, अनुभवी माणसाला विचारलं नाही. ट्रे लिस्टप्रमाणेच बांधला होता. थिएटरचे फोन एकाच टेबलावर आणण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकला. सही. मामांनी कागद दोनदा वाचला.

“माझं नाव नाय ह्याच्यात.”

“नाही. तुम्ही मुद्दाम केलंत, त्याचा रकाना ह्या फॉर्ममध्ये नाही. ते मी तुम्हाला तोंडावर सांगितलं, तेवढं पुरे. पण पुन्हा असं झालं तर रकाना मी स्वतः आखेन. आणि उद्यापासून सगळ्या लिस्टा आपण दोघं मिळून नव्याने करतोय.”

“माका नाय जमणार लिहिणंबिहिणं.”

“लिहायचं मी. तुम्ही सांगायचं.”

देसाई सरांनी माझा खुलासा वाचला आणि चष्मा काढला. “तुम्ही प्रोबेशनवर आहात, लक्षात आहे ना?” माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. मामा लिनेनला गेले नाहीत. फोन दुसऱ्याच दिवशी पॅकिंगच्या खोलीत परत गेला.

पण लिस्टा काही होईनात. दुपारी दोन ते अडीच, दुसरा लोड मशीनमध्ये असताना, मी वही घेऊन बसायचे. मामा खुर्चीत अवघडून बसायचे आणि छताकडे बघायचे. “किडनीचा मोठा सेट. हां. कात्र्या... चार? थांबा. पाच.” अर्ध्या तासात सहा ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या. मला वाटलं मुद्दाम छळतायत. आठवडाभर मी दात-ओठ खाल्ले. मग एकदा ट्रे भरताना त्यांच्याकडे लक्ष गेलं. हात एकदाही थांबत नव्हता. तोंडाला जे आठवत नव्हतं ते हाताला येत होतं.

मग मी खुर्ची काढून टाकली. मामा ट्रे भरायचे, मी शेजारी उभी राहून हात बघायचे आणि लिहायचे. एका ट्रेला एक दिवस. तेव्हा मला जे दिसलं ते इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून दिसलं नव्हतं. माझ्या लिस्टेत सगळ्या कात्र्या एकत्र, सगळे चिमटे एकत्र, जसं दुकानात मांडतात. मामा तसं लावतच नव्हते. ऑपरेशनमध्ये आधी लागणारं वर आणि उजवीकडे, मग लागणारं त्याच्या खाली, शेवटी टाके घालायचं सामान तळाशी. जेवणाचं ताट वाढतात तसं. मीठ कुठे, लिंबू कुठे, कोशिंबीर कुठे हे ठरलेलं असतं, म्हणून जेवणारा न बघता हात घालतो. माझ्या पद्धतीने सगळं पातळ एकीकडे आणि सगळं घट्ट एकीकडे वाढलेलं होतं. तीन आठवडे वरच्या सिस्टर ताटात चाचपडत होत्या आणि चिडत होत्या, पण का ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

डिसोझा सिस्टरना मी विचारलं, तर म्हणाल्या, “परब भरतो तेव्हा हात जातो तिथे वस्तू असते. मला वाटायचं माझाच अनुभव!”

दीड वर्षात आम्ही बहुतेक ट्रे लिहून काढले. प्रत्येक लिस्टेच्या खाली दोन नावं: सांगणार परब, लिहिणार मी. नाव घालू नका असं ते म्हणाले. मी घातलं. तपासणीला आलेल्या बाईंनी त्या लिस्टांचे फोटो काढून नेले, तेव्हा मामा तोंड फिरवून सिंक घासत होते. ते आधीच स्वच्छ होतं.

आमची दिलजमाई वगैरे झाली नाही. त्या बुधवारी रागाच्या भरात तोंडून गेलेलं ‘तू’ परत आलं नाही, डबा जिन्याखालीच राहिला. मी एकदा माझा डबा घेऊन त्या बाकावर गेले, तर मामा थोडे सरकले, जेवले, उठताना “बसा, मॅडम” म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. त्यांची रजा, त्यांची पाळी, त्यांचा ओव्हरटाइम ह्यात मी काडीचाही फरक केला नाही, ना प्रेमाने ना रागाने. एकदा उशिरा आले तर उशिराची नोंद केली. त्यांनी बघितलं आणि सही केली. मला वाटतं त्या सहीनंतर काम जरा सोपं झालं.

मग मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं. देसाई सर सेवाभावावर बरंच बोलले. मामांना बोलायचा आग्रह झाला. ते माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मला बोलता येत नाय. दोन नंबर मशीनचा दरवाजा हळू लावा, रबर नवीन हाय.” खाली बसले. टाळ्या पडल्या. मोहिते रडला.

आता राहिलेलं काम.

लहान मुलांच्या श्वासनळीत काही अडकतं तेव्हाची हत्यारं आमच्याकडे आहेत. शेंगदाणा, चिंचोका, सीताफळाची बी, कानातल्या बाळीचा मणी. ह्याचा बांधलेला ट्रे नसतो. बारीक नळ्या आणि लांब चिमटे सुटे-सुटे पाकिटात असतात. फोन आला की मामा दोनच प्रश्न विचारायचे, “पोर केवढा? काय गिळलान?” आणि चार पाकिटं उचलून लिफ्टकडे धावायचे. कुठला चिमटा कुठल्या नळीतून जातो, दाणा कशाने धरायचा आणि मणी कशाने, हे त्यांच्या हातात. त्यांच्या शेवटच्या दीड वर्षात असे फोन दोनदाच आले. एकदा मामा गणपतीला गावी, एकदा रविवारची सुट्टी. दोन्ही वेळा आम्ही सगळीच्या सगळी पाकिटं वर पाठवली आणि डॉक्टर शोधत बसले. दोन्ही मुलं वाचली. तिसऱ्यांदा तसं करायची माझी तयारी नाही.

निवृत्तीनंतर मामा वरळीला बीडीडी चाळीच्या नव्या इमारतीत राहायला गेलेत. मी फोन केला, एक दुपार हॉस्पिटलात या म्हटलं. “त्या दारातून आता आत येणार नाय, मॅडम,” म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग मी विचारलं, मी हत्यारं घेऊन घरी आले तर? त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “आणा. टेबल हाय.”

चालू हत्यारं हॉस्पिटलाबाहेर नेता येत नाहीत. बाद केलेल्या जुन्यांत तशाच नळ्या आणि चिमटे आहेत. ते बाहेर काढायला स्टोअरची, प्रशासनाची आणि कुठल्या तरी तिसऱ्या साहेबांची सही लागते. अर्ज तीन वेळा केला. दोन सह्या झाल्या आहेत. तिसरे साहेब कधी रजेवर, कधी मीटिंगमध्ये, आणि गेल्या वेळी त्यांनी विचारलं की बाद झालेलं भंगार घेऊन मी कोणाच्या घरी कशासाठी चालले आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, असं लिहून द्या. लिहून दिलं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी पुन्हा त्यांच्या दाराशी जाणार आहे. जेवणाचा डबा बरोबर नेणार, म्हणजे मध्ये उठावं लागणार नाही.